साचा आणि साचेबंद

आपल्या समीक्षेत 'साचेबंद' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. कथा साचेबंद म्हटली की परीक्षणकर्त्याचे काम संपले. (मुख्याध्यापकांच्या लाल शाईलाही तो विशेष प्रिय.) आता हाच शेरा पेडणे-डिचोलीच्या चित्रशाळांतील गणेशमूर्तींवर मारला जातो : साचा आला, हात गेला, कला संपली. मला हे निदान पटत नाही.

साचा मुळात नवा नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकाळातील केओलिनच्या पांढऱ्या मूर्ती सापडल्या. पुढचा व मागचा अशा दोन साच्यांतून काढून जोडलेल्या, आतून पोकळ. त्यांची केशरचना पाहून कोणी नाक मुरडत नाही. मग दोन हजार वर्षांपूर्वीचा साचा ही कला आणि मयेतला साचा हा धंदा, हा न्याय कुठला?

चिकणमातीच्या कामात साचा फार थोडे करतो. प्लॅस्टरचा साचा मातीतले पाणी शोषतो, माती किंचित आकसते व सुटी होते, इतकेच. त्याआधी ती अंगठ्याने सगळीकडे सारखी दाबलेली हवी. कुठे जाड, कुठे पातळ राहिली की वाळताना तडा ठरलेला. मग कडा ओरखडून, पातळ चिखल लावून दोन्ही अर्धे जोडायचे. श्रावणातल्या पावसात साचाही लवकर सुकत नाही. वापरून वापरून तो बोथट होतो, मुकुटाची नक्षी पुसट उतरते. ती कोरणीने पुन्हा उठवावी लागते. मूर्तिकार ओळखू येतो तो इथे. एकाच साच्यातल्या दोन मूर्तींच्या पापण्या मी मुद्दाम ताडून पाहतो.

माझा आक्षेप ओतीव प्लॅस्टर ऑफ पॅरिसवर आहे. रबरी साच्यात ओतले की ते काही मिनिटांत आपोआप घट्ट होते. घडवायला हाताला वावच उरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सूचनांत त्याला मनाई केली ती पाण्यासाठी. कलेच्या बाजूनेही मला ती योग्य वाटते. गोव्यात चिकणमातीच्या मूर्तीला सरकारी अनुदान आहे, पण ते नगावर. रेखीव डोळ्यांची मूर्ती आणि नुसता रंग फासलेली मूर्ती, हिशेबात दोन्ही सारख्याच!

हा हिशेब सरकारला जमणारा नाही, आपल्याला जमेल. चवथीआधी आपण घरचा पाट चित्रशाळेत पोचवतो. यंदा तो देताना उंची आणि रंगाच्या आधी, डोळे कोण आखणार हे विचारून घ्यावे.