अँथनी गोन्साल्विस : गाण्यामागचा माणूस

खडकीत लग्नाच्या स्वागतसमारंभात बँड सुरू झाला की ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील ते गाणे हटकून वाजते. त्या नावाचा थोर संगीतकार खरोखरच होऊन गेला, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. गोव्यातील माजोर्डा गावच्या चर्चच्या गायनवृंदप्रमुखाचे हे चिरंजीव. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ते व्हायोलिनवादक व संगीतसंयोजक होते. शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे त्यांचे नाव गाण्यात आले. एरवी श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव झळके. स्वरलेखन करणारे गोवेकर बहुधा अनामच राहत.

१९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभरावर वादक आणि गायनाला लता मंगेशकर व मन्ना डे! रागांवर आधारित रचना त्यांनी वाद्यवृंदासाठी लिहिल्या. येथेच खरा पेच आहे. रागात स्वर एकामागून एक उलगडतो, वाद्यवृंदात अनेक स्वर एकदम उभे राहतात. सारंगाखाली परका स्वर आला की सारंग विस्कटतो. शिवाय कागदावरच्या स्वराला मींड कशी शिकवावी? हे कोडे एकट्याने सुटणारे नव्हते, असे माझे नम्र मत आहे. पण ते ओळखून त्याला हात घालणारे तेव्हा किती होते?

१९६५ साली ते अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. पुढे माजोर्ड्याला परतले आणि २०१२ साली निवर्तले.