‘डिफॉल्ट’ म्हणजे कुठल्या सालचं? सायकिट-लर्नचं डॉक्युमेंटेशन वाचताना

सिनॉप्सिस लिहायला बसलात की संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास येतं : ‘रँडम फॉरेस्ट हे मॉडेल डिफॉल्ट पॅरामीटर्ससह वापरलं.’ गाइडही त्यावर सहसा लाल पेन चालवत नाहीत. पण हे वाक्य कुणी तपासायचं म्हटलं तर कसं तपासणार?

पायथनमधल्या सायकिट-लर्न या लायब्ररीची ०.२२ ही आवृत्ती डिसेंबर २०१९ मध्ये आली आणि रँडम फॉरेस्टमधल्या झाडांची डिफॉल्ट संख्या १० वरून थेट १०० झाली. त्याच आवृत्तीत लॉजिस्टिक रिग्रेशनचा डिफॉल्ट सॉल्व्हरही बदलला. म्हणजे २०१८ चा एखादा पेपर आणि तुमचा आजचा लॅपटॉप, दोघंही प्रामाणिकपणे ‘डिफॉल्ट’च म्हणतायत, पण मॉडेलं वेगळी आहेत. आकडे जुळले नाहीत की आपण उगाच डेटावर संशय घेत बसतो.

या बाबतीत सायकिट-लर्नच्या डॉक्युमेंटेशनचं कौतुक करायलाच हवं. झाडांच्या संख्येच्या वर्णनाखालीच नोंद आहे, की ०.२२ मध्ये १० चे १०० झाले. रिलीज नोट्सच्या ढिगात शोधाशोध करावी लागत नाही. शिवाय ०.२० पासूनच कोड चालवताना ‘हा आकडा बदलणार आहे’ असा इशारा येत होता. (तो इशारा गप्प करून पुढे जाणारे आपल्यातच असतात, ही वेगळी गोष्ट.) पानांवरची छोटी उदाहरणं डॉकटेस्टने खरोखर चालवली जातात, छापलेलं उत्तर आणि आलेलं उत्तर जुळलं नाही तर टेस्ट नापास. त्यामुळे उदाहरणं सहसा शिळी होत नाहीत.

पण डॉकटेस्ट कोड तपासते, समजूत नाही. ‘मॅक्स_फीचर्स’ हा पॅरामीटर घ्या. प्रत्येक फाटा फोडताना किती फीचर्समधून निवड करायची, हे तो ठरवतो. ब्रायमन यांच्या २००१ च्या पेपरमधल्या रँडम फॉरेस्टचा जीवच या यादृच्छिक निवडीत आहे. सायकिट-लर्नमध्ये कित्येक वर्षं याची डिफॉल्ट किंमत ‘ऑटो’ होती. क्लासिफायरमध्ये ‘ऑटो’ म्हणजे फीचर्सच्या संख्येचं वर्गमूळ. रिग्रेसरमध्ये ‘ऑटो’ म्हणजे सगळीच फीचर्स! एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्ही आपापल्या पानावर अगदी बरोबर लिहिलेले. एका पानावरचं वाचून दुसऱ्या पानावरचा पॅरामीटर वापरणाऱ्याला हे कळणार कसं? रिग्रेशनवाला बिचारा डिफॉल्टवर राहिला तर बॅगिंग करत होता आणि प्रबंधात लिहीत होता रँडम फॉरेस्ट.

१.१ या आवृत्तीत डिफॉल्ट म्हणून ‘ऑटो’ गेलं आणि नंतर ते काढूनच टाकलं. आता रिग्रेसरच्या पानावर स्वच्छ लिहिलंय, की सध्याची डिफॉल्ट किंमत म्हणजे बॅगिंग केलेली झाडंच; जास्त यादृच्छिकता हवी तर आकडा कमी करा. माझ्या मते या डॉक्युमेंटेशनमधलं हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे, आणि ते खूप आधी यायला हवं होतं. सगळी पानं खरी होती, टेस्ट पास होत होत्या, तरी वाचक फसत होता. ही चूक कुठलंही यंत्र पकडणार नव्हतं. दोन पानं शेजारी ठेवून वाचणारा माणूसच लागतो.

आणखी एक अडचण तुमच्या बाजूची. गुगलवरून आलात तर कधीकधी जुन्या आवृत्तीचं पान उघडतं. पत्त्यात ‘स्टेबल’ आहे की आवृत्तीचा आकडा, ते आधी बघा. जुना पेपर पुन्हा करून बघत असाल तर उलट ते जुनं पानच तुम्हाला हवंय, त्याच्या काळातलं.

आणि प्रबंधात ‘डिफॉल्ट’ लिहिणारच असाल तर ‘शो_व्हर्जन्स’ हे फंक्शन चालवा. पायथन, नमपाय, सायपाय, सगळ्यांच्या आवृत्त्या एका फटक्यात मिळतात. ती यादी परिशिष्टात चिकटवा, आणि झाडांची संख्या मात्र मुख्य मजकुरातच लिहा, आकड्यात.