पत्रावळ कुणी लावायची? – 'श्यामची आई' पुन्हा वाचताना

आंजर्ल्यात बसून पालगडच्या मुलाविषयी बोलायचं, म्हणजे एकाच तालुक्यातली घरची गोष्ट. साने गुरुजींचा जन्म १८९९ साली पालगडला झाला, शिक्षण काही काळ दापोलीत झालं आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. 'संस्कारांचं पुस्तक' हे वाक्य आपल्याला इतकं पाठ आहे की पुस्तक वाचायचं राहूनच जातं. माझंही तेच झालं होतं.

पुन्हा वाचताना एक लक्षात आलं. या घरातलं बरंचसं शिक्षण हाताने होतं. पत्रावळीचं प्रकरण आठवा. श्यामला पत्रावळ लावता येत नाही आणि शिकल्यावाचून सुटका नाही. पान कसं जुळवायचं, काडी कुठे टोचायची, हे ऐकून येत नाही. शाळेत मात्र आपण त्यातून 'श्रमाला कमी लेखू नये' एवढं तात्पर्य काढतो. तात्पर्य वहीत राहतं नि पत्रावळ बाजारातून येते.

पुस्तकात रडवण्याचा सोस आहे, हे मान्य. पण लपवाछपवी नाही. अस्पृश्य म्हातारीला मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते आणि नंतर आंघोळही करायला सांगते. गुरुजींनी ती आंघोळ गाळली नाही. पुढे १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. आईने मोळीपर्यंत आणलं, आंघोळीच्या पलीकडे मुलगा गेला. घरची परंपरा जपणं म्हणजे मी हे समजतो. आईची पूजा करून ते साधत नाही.

आणि श्याम हे सांगतो कुणाला? आश्रमातल्या मित्रांना, रात्री प्रार्थनेनंतर. घरातलं संचित घराबाहेर वाटलं, म्हणून ते टिकलं.

तिकडे हवाई बेटांवर १८९६ च्या कायद्यानंतर शाळांतून तिथली भाषा गेली. १९८४ पासून 'पुनाना लेओ', म्हणजे भाषेचं घरटं, अशा बालशाळा निघाल्या. तिथे मुलांबरोबर आईबापांनीही भाषा शिकायची असते. आपण मुलांना पुस्तक देतो आणि मोकळे होतो.

तेव्हा येत्या गणपतीत पंगतीची एक तरी पत्रावळ मुलांना लावू द्या. आपल्याला येत नसेल तर आजीला विचारा. वाकडी होईल, आमटी गळेल. गळू दे.