दिवाणखाना आणि माजघर

कवितेचे परीक्षण करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, नाटकाचे आहेत, चित्राचेही थोडे आहेत. परंतु ज्या कलाकृतीत मनुष्य जन्मभर राहतो त्या घराचे परीक्षण करणारा क्वचितच आढळतो. वास्तुशांतीस आलेला पाहुणा जेवतो, आहेर देतो, 'घर छान झाले हो' म्हणतो आणि वाटेस लागतो. याहून अधिक बोलणे शिष्टाचारास सोडून होय. वास्तविक कंटाळवाणी कादंबरी मिटून ठेवता येते, घर मिटून ठेवता येत नाही. त्यातील दोष कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत, आणि त्यानंतरही, रोज सोसावे लागतात. म्हणून टीकाकाराने या विषयाकडे वळणे अस्थानी होणार नाही असे आम्हांस वाटते.

परीक्षणासाठी आम्ही मुंबई-पुण्याची घरे न घेता अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी हे तालुक्याचे गाव घेतले आहे. त्यास कारण आहे. गृहसजावटीचे नमुने शहरात तयार होतात आणि सचित्र मासिकांतून, दुकानदारांच्या पुस्तिकांतून व हल्ली मोबाइलच्या पडद्यावरून तालुक्याच्या गावी पोचतात. एखाद्या कल्पनेत स्वतःचे सत्त्व किती व नुसता थाट किती, हे ती जन्मस्थानापासून दूर गेल्यावरच कळते. पाथर्डीचे ऊन कडक, पाऊस बेभरवशाचा, पाण्याची ओढ जुनी आणि भाकरी ज्वारी-बाजरीची. या चार गोष्टींशी ज्या सजावटीचे पटेल तीच येथे टिकावयाची.

प्रथम जुन्या घराचा विचार करू. या भागातील जुने घर धाब्याचे. रुंद दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्यांचा किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. पुढे ओसरी, आत माजघर, त्यास लागून देवघर व स्वयंपाकघर, मागे परस. ऐपत असल्यास मध्ये चौक. या घरात सामान थोडे असे, कारण सामानाचे काम भिंतीच करीत. दिवा कोनाड्यात, पागोटे खुंटीला, भांडी फडताळात, धान्य बळदात. तसेच एका जागेस एकच काम नेमून दिलेले नसे. त्याच ओसरीवर सकाळी हिशेब होत, दुपारी धान्य निवडले जाई आणि रात्री अंथरुणे पडत. उन्हाळ्यात सारे कुटुंब माळवदावर निजे. नवरात्रात मोहटादेवीची किंवा रंगपंचमीस मढीच्या कानिफनाथांची यात्रा आली म्हणजे जाजम पसरून वीस पाहुण्यांची सोय लावता येई. जागेची ही काटकसर पाहिली म्हणजे ते घर बांधणाऱ्या अनाम गवंड्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

तथापि एवढ्यावरून 'जुने ते सोने' म्हणणारांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. ओसरी हवेशीर होती ती पुरुषांकरिता. माजघरात दिवसाही दिवा लागे आणि स्वयंपाकघरात धुरास वाट नसे; घरातील बायकांचा बहुतेक दिवस या दोन खोल्यांत जाई. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा मध्यमवर्गीय वाचकांस आपल्याच घराचा आतला भाग जणू प्रथम दिसला. पुढे १९८५ साली महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' रंगभूमीवर आले. त्यातील वाडा वऱ्हाडातला, परंतु वाड्याची इभ्रत कोणाच्या कष्टावर व कोणाच्या अडलेल्या शिक्षणावर उभी असते हा त्यातील प्रश्न कोणत्याही वाड्यास विचारता येईल. घरातील खरी सत्ता कोठे आहे हे आमच्या वाङ्मयाने दिवाणखान्यात बसून पाहिले नाही, माजघरात शिरून पाहिले. गृहसजावटीच्या टीकाकारानेही तोच मार्ग धरावा असे आमचे म्हणणे आहे.

जुन्या घराचा दुसरा दोष याहून भयंकर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सात हजारांहून अधिक माणसे मेली. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि वर्षानुवर्षे नवी माती घालून जड झालेली माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. तेव्हा ज्यांस जुने घर राखावयाचे आहे, त्यांनी प्रथम खांबांना पॉलिश करण्याच्या भरीस न पडता जाणत्या अभियंत्यास बोलवावे. छपरावरील जास्तीची माती उतरवणे, भिंतीचे दोन पदर सांधणारे आरपार दगड बसवणे आणि भिंतींस सभोवार पट्टा बांधणे हे उपाय किल्लारीनंतर सांगितले गेले व अमलातही आले. त्यांचे छायाचित्र काढून कोणी कोणास दाखवीत नाही. तरी जुन्या घराच्या नूतनीकरणाचा आरंभ तेथूनच झाला पाहिजे.

आता नवे घर पाहू. त्याने दिलेल्या सुखांचा प्रथम आदराने उल्लेख केला पाहिजे. घरातले शौचालय, दार लावून घेता येईल असे न्हाणीघर, धुता येणारी फरशी, उभ्याने काम करण्याचा ओटा आणि नळ या गोष्टी ज्यांस क्षुल्लक वाटतात त्यांनी पहाटेच्या अंधारात कधी गावाबाहेर जाऊन पाहिलेले नसावे. आमची तक्रार या सुखांविषयी नाही, त्यांच्यानंतर पैसा कोठे जातो याविषयी आहे.

तो बहुधा दिवाणखान्यात जातो. छताखाली पीओपीचे दुसरे छत येते, त्यात रंगीत दिवे बसतात आणि दहा फूट उंचीची खोली नऊ-सव्वानऊ फुटांवर येते. मधल्या पोकळीमुळे स्लॅबची उष्णता थोडी अडते हे खरे. परंतु चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब खाली सोडतो; तेव्हा ऊन आत शिरल्यावर अडवण्यापेक्षा गच्चीस चुन्याचा पांढरा हात देऊन ते वरच्या वर परतवणे स्वस्तही आहे आणि गुणकारीही. पुढे सोफासेट येतो. तो एवढा अवजड की यात्रेच्या दिवसांत पाहुण्यांनी निजावे कोठे हा प्रश्न पडतो. दूरचित्रवाणीच्या भिंतीस चकचकीत फळ्या बसतात आणि त्या भिंतीत पश्चिमेचा वारा आणणारी खिडकी असली तर ती बुजते. ईडिथ व्हॉर्टन या अमेरिकन लेखिकेने ऑग्डेन कॉडमन या वास्तुकारासह १८९७ साली गृहसजावटीवर एक ग्रंथ लिहिला. खोलीचे सौंदर्य तिच्या प्रमाणात, दारांत व खिडक्यांत असते, वरून चिकटवलेल्या सामानात नसते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. तो ग्रंथ श्रीमंतांच्या प्रासादांसाठी लिहिलेला होता. तथापि बुजवलेल्या खिडकीची हानी प्रासादापेक्षा पाथर्डीच्या दोन खणी घरास अधिक बाधते.

निजावयाच्या खोलीची तऱ्हा निराळी नाही. पेटीसारखा मोठा पलंग आणि छतास भिडलेले कपाट यांनी ती भरून जाते, आणि स्पर्धा-परीक्षेचा अभ्यास करणारी घरची मुलगी त्याच पलंगावर मांडी घालून, पाठीला पोक काढून वाचीत बसते. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ साली स्त्रीच्या लेखनासाठी पैसा आणि स्वतःची खोली मागितली होती. खोली देण्याची ऐपत सर्वांस नसते, हे आम्ही जाणतो. परंतु खिडकीशी दीड हात रुंदीची फळी, वर एक दिवा आणि 'या जागी दुसऱ्याने काही ठेवू नये' हा घरातला कायदा, एवढे तर पीओपीच्या खर्चाच्या अंशात होते.

आता स्वयंपाकघर. ज्यास हल्ली 'मॉड्युलर किचन' म्हणतात त्याचे मूळ १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या बाईंनी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या कामगार-वसाहतींसाठी आखलेल्या स्वयंपाकघरात सापडते. सहा-साडेसहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब अशी ती खोली. गृहिणी किती पावले चालते, कोणती वस्तू कितीदा घेते, उजेड कोठून हवा, याचा विचार करून तिची रचना झाली होती. खिडकीशी बसून काम करण्याकरिता तीत एक स्टूलही होते. आम्ही त्यातून कपाटे घेतली आणि मोजमाप सोडून दिले. जर्मन गृहिणीस भाकरी करावयाची नव्हती. भाकरीचे पीठ प्रत्येक भाकरीपुरते मळावे लागते आणि ती परातीत तळहाताच्या भाराने थापावी लागते. उंच ओट्यावर कोपर वर उचलून हे करताना आठव्या भाकरीस खांदा भरून येतो. परिणामी कित्येक घरांत असे दिसते की आत चकचकीत ओटा, आणि भाकरी मात्र मागल्या दारी पत्र्याच्या आडोशाला चुलीवर. उज्ज्वला योजना २०१६ साली निघाली, गॅस घरोघर पोचला. तरी चूल विझलेली नाही. यास सिलिंडरची किंमत हे मोठे कारण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु घर बांधताना 'भाकरी कोठे थापणार?' हा प्रश्न घरच्या बाईस कोणी विचारीत नाही, हेही कारण लहान नव्हे. ओट्याचा दोन हात लांबीचा भाग तिच्या कोपराखाली वीतभर ठेवण्यास गवंड्यास काही अधिक द्यावे लागत नाही.

पाथर्डीचा विचार करताना आणखी एका घरास विसरून चालणार नाही. या तालुक्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मधले पाच-सहा महिने ती कारखान्यांच्या आसपास कोप्या करून राहतात. घरी म्हातारी माणसे व कधी शाळकरी मुले तेवढी उरतात. कष्टाच्या पैशातून बांधलेल्या त्यांच्या घराच्या दर्शनी भिंतीस भडक रंग दिसला तर शहरी रसिकाने नाक मुरडू नये. वर्षातील निम्मे दिवस पाचटाखाली काढणाऱ्याला आपल्या भिंतीवर रंग पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सजावटीचा सल्ला द्यावयाचाच तर त्या म्हातारीस रात्री धरण्यापुरता कठडा, अंथरुणापासून चार पावलांवर शौचालय आणि उंदीर-ओलीपासून राखलेली धान्याची जागा, याविषयी द्यावा. आजवर चाळलेल्या सजावटीच्या सचित्र पुस्तकांत या घराचे एकही चित्र आम्हांस आढळले नाही.

आमचे मत आता थोडक्यात सांगतो. नव्या सजावटीचा दोष ती परकी आहे हा नव्हे. फ्रँकफुर्टची युक्ती पाथर्डीस उपयोगी पडत असेल तर ती जरूर घ्यावी. तिचा दोष हा की ती घर पाहणाराच्या डोळ्यांनी आखलेली आहे, राहणाराच्या अंगाने नव्हे. जुन्या वाड्याने ओसरी पुरुषांस दिली व माजघर अंधारात ठेवले. नवा बंगला दिवाणखाना पाहुण्यास देतो व बाईस पत्र्याखाली पाठवतो. सामान बदलले, वाटणी बदलली नाही. जोवर ती बदलत नाही तोवर त्या बदलास आम्ही सुधारणा म्हणणार नाही, रंगकाम म्हणू.

ज्यांस यंदा घर बांधावयाचे किंवा सुधारावयाचे आहे त्यांनी खर्चाचा क्रम उलटा लावून पाहावा. आधी छप्पर व भिंतींची मजबुती, मग न्हाणीघर व पाण्याची साठवण, मग स्वयंपाकघराची खिडकी व ओटा, मग अभ्यासाची जागा आणि शेवटी, पैसे उरल्यास, दिवाणखाना. काम पुरे झाल्यावर भर दुपारी दिवा न लावता घरातील सर्वांत आतल्या खोलीत बसावे आणि परातीत बाजरी घेऊन खडे निवडता येतात की नाही ते पाहावे. येत असतील तर दिवाणखान्यात नुसती सतरंजी अंथरलेली असली तरी ते घर उत्तम होय.