राजपथावरील पाट्या : नागरी अक्षराचें एक परीक्षण

भांडुप येथें सांपडलेला, शिलाहार राजा छित्तराज याचा शके ९४८ चा ताम्रपट वाचकांस परिचित आहेच. त्यांत दान दिलेलें शेत ज्या गांवचें, तें गांव म्हणजे आजचें नाहूर, असें संशोधकांनीं ठरविलें आहे. शेताच्या सीमा सांगतांना लेखांत एक राजपथ येतो. मुंबईहून ठाण्यास जाणारी सडक बहुतेक त्याच रेषेनें जाते, अशी नोंद ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत आहे. त्या सडकेस आज लालबहादुर शास्त्री मार्ग म्हणतात. ताम्रपटावरील अक्षर नागरी; ह्या सडकेवरील दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरही नागरीच. पहिल्याचे आपण ठसे घेतों, वळणावरून काल ठरवितों. दुसऱ्याकडे मान वर करून पाहतही नाहीं. ही उपेक्षा न्याय्य नव्हे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मी नाहूरचा रहिवासी. माझ्या नित्याच्या वाटेवर मिठाईच्या एका दुकानावर पत्र्याची, हातानें रंगविलेली पाटी अनेक वर्षें होती : ‘शुद्ध तुपातील लाडू’. ती उतरून तेथें छापील फ्लेक्स लागला. मजकूर तोच, पण एकाच ग्रंथाच्या दोन प्रती ताडून पाहाव्या तशा ह्या दोन पाट्या ताडल्या असतां पाठभेद दिसून आले. जुन्या पाटींत श देठाचा होता, ल पाकळीचा होता, आणि जोडाक्षरांतील ध हा द च्या पोटाशीं नीट बसविला होता. नव्या पाटींत श गांठीचा, ल दंडाचा, आणि जोडाक्षर फोडून द चा पाय मोडलेला. देठयुक्त श व पाकळीयुक्त ल हींच मराठीचीं रूपें, असें महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें सांगितलें. रंगाऱ्यानें तो निर्णय वाचला असेल असें वाटत नाहीं. त्याच्या हातीं तीं रूपें गुरुपरंपरेनें आलीं होतीं. प्रतींच्या भाषेंत बोलावयाचें तर जुनी प्रत शुद्ध, नवी भ्रष्ट.

हें वळण हातीं कसें येतें तें पाहण्यासारखें आहे. रंगारी पत्र्यास अस्तराचा हात देतो. खडूनें माखलेला दोरा ताणून सोडतो व अक्षरांची वरची-खालची मर्यादा आंखतो. मग खडूनें आकार काढून त्यांत रंग भरतो. हात थरथरूं नये म्हणून मनगट काठीवर टेकवितो. मोडी लिहिणारा कारकून कागदावर आधीं सबंध रेघ ओढी आणि मग तिला अक्षरें लटकावी; रंगाऱ्याची रीत तिच्या जवळची आहे. बोरूच्या कापामुळें नागरींत जी तिरपी रेषा जाड येते, ती रोमन लिपींत बारीक येते; एकाच पाटीवर दोन्ही लिप्या लिहिणारा कुशल रंगारी हा फरक कुंचल्यानें सांभाळतो. जागा अपुरी पडली तर तो काना जवळ घेतो, वेलांटी आंखूड करतो. म्हणून एकाच ओळींतले दोन ल अगदीं सारखे नसतात. पोथीच्या लेखकाचा हात ओळखण्यास आपण ज्या खुणा शोधतों, त्या ह्याच.

तथापि रंगाऱ्यांची भलामण करतांना विवेक सुटूं नये. ऱ्हस्वदीर्घाचे घोर प्रमाद त्यांच्या पाट्यांवर पुष्कळ. आणि सावलीचा सोस इतका कीं, कित्येकदां अक्षरापेक्षां सावलीच जाड. फ्लेक्स स्वस्त पडतो व लवकर मिळतो, तेव्हां दुकानदारास बोल लावणें अन्यायाचें होईल. संगणकही निर्दोष आहे. मराठी रूपें असलेले टंक त्याच्यापाशीं आहेत. निवडणारास भेद ठाऊक नसतो, एवढेंच.

ह्याच काळांत कायद्यानें पाटीकडे लक्ष दिलें. २०२२ सालच्या दुरुस्तीनें महाराष्ट्रांतील लहानमोठ्या सर्व दुकानांस देवनागरी लिपींतील मराठी पाटी आवश्यक झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपींतील अक्षराहून लहान असूं नये असेंही ठरलें. सप्टेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या दुकानदारांस त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. हेतु स्तुत्य होता, ह्यांत शंका नाहीं. परंतु कायदा अक्षराची उंची मोजूं शकतो, त्याचें वळण मोजूं शकत नाहीं. घाईनें नव्या पाट्या लावतांना जुन्या किती उतरल्या, ह्याची कोणी टीप ठेविली असल्यास ती माझ्या पाहण्यांत नाहीं.

परदेशांतील एक दाखला येथें उपयोगी पडेल. अर्जेंटिनांतील ब्यूनोस आयरेस शहरांत गाड्यांवर वेलबुट्टीसह अक्षरें रंगविण्याची ‘फिलेतेआदो’ नांवाची कला आहे. १९७५ सालीं बसगाड्यांवर तिला बंदी झाली; पुढें २०१५ सालीं युनेस्कोनें तिचा मानवजातीच्या अमूर्त वारशांत समावेश केला. आपल्याकडे दिल्लीचे हनीफ कुरेशी यांनीं रंगाऱ्यांच्या अक्षरांवरून संगणकाचे टंक करविले. उद्योग मोलाचा खरा. पण टंकांत एकदां बसलेला क प्रत्येक ठिकाणीं तोच राहतो, जागेप्रमाणें अंग चोरण्याचें त्याचें कसब जातें. नाहूरच्या शेजारीं, मुलुंडास राहिलेले कमल शेडगे (मृत्यु २०२०) यांनीं नाटकांच्या जाहिरातींत व नियतकालिकांच्या शीर्षकांत प्रत्येक नांवास त्याच्या अर्थानुरूप वेगळें अक्षर दिलें. त्यांचें काम छापून निघालें, म्हणून टिकलें. पत्र्यावरच्या अनामिकाचें काम ऊन-पावसांत जातें व शेवटीं भंगारांत विकलें जातें.

कोणी म्हणेल, पाटी ही कालची वस्तु, तीही व्यापाराची. तिचा इतिहासाशीं काय संबंध? त्यास उत्तर असें कीं, ताम्रपट हाही मूळचा व्यवहाराचाच कागद होता; शेत कोणाचें, सीमा कोणत्या, एवढें सांगण्यासाठीं तो कोरला. तो तांब्याचा होता व जमिनींत राहिला, म्हणून आपल्या हातीं आला. पत्र्यास तें भाग्य नाहीं.

म्हणून पोथ्या जमविणाऱ्या मित्रांस माझी विनंती आहे. आपापल्या पेठेंतील रंगविलेल्या पाट्यांचीं समोरून, शेजारीं मोजपट्टी ठेवून छायाचित्रें घ्यावींत. स्थळ, दिनांक, मोजमाप लिहावें. कोपऱ्यांत रंगाऱ्याची सही असते ती टिपावी. रंगारी हयात असेल तर तो कोणापाशीं शिकला तें विचारावें. पाटी उतरतांना दिसली तर दुकानदारापाशीं ती मागून घ्यावी. मिठाईवाल्याची ती पाटी मीं मागेपर्यंत भंगारवाला घेऊन गेला होता. तिचे जे पाठ वर दिले, ते स्मरणावरून दिले आहेत. आणि स्मरण हा पुरावा किती कच्चा, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस मीं सांगावयास नको.