केसरबाईंच्या गायनाचे मोजमाप

सूरश्री केसरबाई केरकर यांचे नाव निघाले, की हल्ली प्रथम ‘व्हॉयेजर’चा उल्लेख होतो. १९७७ साली अंतराळात धाडलेल्या त्या यानांतील तबकडीवर बाईंची भैरवी आहे, ही गोष्ट गोमंतकीयांस अभिमानाची खरीच. परंतु तेवढ्यावरून बाईंची थोरवी मापणे आम्हांस मान्य नाही. ती भैरवी अवघी साडेतीन मिनिटांची. जयपूर-अत्रौली गायकीचे मर्म विस्तारात आहे: दमदार विलंबित लय, मोकळा आकार, वळणावळणाने समेवर आणून सोडणारी तानांची अखंड गुंफण. जुन्या तबकडीच्या एका बाजूत हे मावावे कसे?

आमच्या मते बाईंच्या चरित्रातील महत्त्वाचे वर्ष १९२१ हे होय. फोंडे महालातील केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या बाई तोवर अब्दुल करीम खाँ, वझेबुवा, भास्करबुवा बखले आदींकडे थोडथोडे शिकल्या होत्या. तिशीच्या उंबरठ्यावर त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या आणि गळा त्यांनी नव्याने घडविला; १९४६ साली खाँसाहेब निवर्तले तोपर्यंत त्यांचे शिकणे चालूच होते. ही पंचवीस वर्षे बाजूस सारून केवळ ‘दैवी देणगी’चे गोडवे गाणे हा बाईंवर अन्याय आहे. पुरुष गवयाची ती विद्या आणि स्त्रीचा मात्र गळा, ही वाटणी आम्हांस खटकते. (मोगूबाईंच्याही वाट्यास ती आलीच.)

त्या आखूड तबकड्यांतही विद्येच्या खुणा आहेत. बाईंची ललितागौरी लावावी आणि दोन रागांचा सांधा नेमका कोठे बसतो, तेथे कान द्यावा.