ईसेनहाइमचा व्रणांकित ख्रिस्त

ख्रिस्ती धर्मांत येशूच्या यातनांना जें स्थान आहे, तें आमच्याकडील पुष्कळ सुशिक्षितांस कोड्यासारखें वाटतें. ज्याला देव म्हणून भजावयाचें, त्याचीच रक्तबंबाळ मूर्ति डोळ्यांपुढें कां ठेवावी? निरपराध सेवकाच्या घावांनीं इतरांस आरोग्य लाभतें, ही कल्पना यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांत ५३ व्या अध्यायांत आली आहे, आणि ख्रिस्ती लोक तिचा संबंध येशूशीं लावतात. परंतु एकाच्या जखमेनें दुसरा बरा कसा व्हावा, हें नुसत्या शास्त्रवचनानें उमगत नाहीं. म्हणून आम्ही वाचकांचें लक्ष एका चित्रकृतीकडे वेधूं इच्छितों. माथियास ग्रूनेवाल्ट या जर्मन चित्रकारानें १५१२ ते १५१६ या काळांत आल्सास प्रांतांतील ईसेनहाइम येथील मठासाठीं रंगविलेले वेदीचे फलक, ही ती कृति होय. आज ती फ्रान्समधील कोल्मार येथें उंटरलिंडेन संग्रहालयांत आहे.

हा मठ संत अँथनीच्या नांवानें रुग्णसेवा करणाऱ्या संघाचा होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवल्यावांचून चित्राचा अर्थच लागत नाहीं. 'संत अँथनीचा अग्नि' या नांवाचा एक भयंकर रोग तेव्हां युरोपांत होता. रोग्याचें अंग पोळल्यासारखें जळे, हातपाय काळे पडत आणि अखेर गळून जात किंवा कापावे लागत. राय नांवाच्या धान्यावर वाढणारी अरगट ही बुरशी पिठांत मिसळे व रक्तवाहिन्या आवळून टाकी. पण हें कारण तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. गरिबाचें रोजचें अन्नच त्याचें विष झालें होतें. मठांत रोग्यांस चांगल्या धान्याचा पाव मिळे, वनस्पतींचे लेप लावीत, आणि संताच्या अस्थींवरून ओघळविलेली द्राक्षमदिरा पाजीत. या पावानेंच कित्येकांस गुण येत असला पाहिजे.

अशा रुग्णांच्या मठांतील वेदीवरील फलक मिटलेले असतां ख्रिस्ताचें क्रूसारोहण दिसे. युरोपीय कलेंतील अनेक सुडौल ख्रिस्तांसारखा हा ख्रिस्त नाहीं. त्याची कातडी हिरवट पडली आहे. अंगभर कांटे रुतून जागोजाग व्रण झाले आहेत. बोटें वाळक्या फांद्यांसारखीं ताठली आहेत. पायथ्याशीं एका कोंकराच्या छातींतून रक्ताची धार पवित्र प्याल्यांत पडते. सुवार्तेनुसार बाप्तिस्मा करणारा योहान याचा शिरच्छेद या प्रसंगापूर्वींच झालेला. तरी चित्रकारानें त्यास येथें उभें करून लांब बोटानें तें शरीर दाखवावयास लाविलें आहे. फलक उघडतांना त्यांची फट अशा जागीं पडते, कीं ख्रिस्ताचा एक हात धडापासून तुटल्यासारखा भासतो. ज्याचा स्वतःचा हात गेला आहे, त्यानें हें पाहिलें असेल तेव्हां त्याच्या मनांत काय आलें असेल?

आमच्या मतें या चित्राचें मर्म येथेंच आहे. आमच्या परंपरेंत दुःखाचा हिशेब बहुधा पूर्वकर्माशीं जोडला जातो. रोग म्हणजे ईश्वरी शिक्षा ही समजूत ख्रिस्ती युरोपांतही होतीच. हें चित्र तो हिशेबच मोडून टाकतें. येथें निष्पाप असा देवच रोग्याचें शरीर धारण करून बसला आहे; तेव्हां रोग हा पापाचा पुरावा ठरत नाहीं, आणि रोगी मनुष्य देवानें टाकलेला ठरत नाहीं. आत्मबलिदानानें येणाऱ्या आरोग्याची ही पहिली पायरी होय.

दुसरी पायरी आंतल्या फलकावर दिसते. तेथें पुनरुत्थित ख्रिस्त तेजोवलयांत वर उठतो. हें शरीर आम्हांस जरा अधिकच गुळगुळीत वाटतें. वेदना रंगवितांना दिसणारा चित्रकाराचा अधिकार आनंदाच्या प्रसंगीं किंचित् उणा पडतो. तरी एक गोष्ट त्यानें अचूक साधली आहे. हातापायांचे व कुशीचे घाव पुसले गेलेले नाहींत, ते प्रकाशतात. बरें होणें म्हणजे जखम झालीच नव्हती असें होणें नव्हे, हें ज्या रोग्याचा गेलेला पाय परत येणार नव्हता त्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्याजोगा नाहीं. दुःखाला असें पावित्र्य दिलें म्हणजे दुःखितास 'सोस' म्हणून गप्प बसविणें सोपें होतें. धर्माच्या नांवावर असें पुष्कळदां झालें आहे, हेंही खरें. परंतु ईसेनहाइमच्या फलकांवर हा आरोप टिकत नाहीं. ज्या घरानें हें चित्र लाविलें, त्या घरानें आधीं पाव वाढला आणि व्रणांवर लेप लाविले. चित्रानें औषधाची जागा घेतली नाहीं.

शिवाय संत अँथनीच्या छळाच्या फलकाकडे पाहावें. राक्षसांच्या गर्दींत एका कोंपऱ्यांत फुगलेल्या पोटाचा, फोडांनीं भरलेला एक रोगट जीव पडला आहे. दुसऱ्या कोंपऱ्यांत एक कागदाचा तुकडा रंगविला आहे. त्यावर संताची तक्रार लिहिली आहे : येशू इतका वेळ कोठें होता, आणि जखमा बऱ्या करावयास तो कां आला नाहीं? अँथनीच्या प्राचीन चरित्रांत या प्रश्नास ईश्वराचें उत्तरही मिळतें. ग्रूनेवाल्टनें त्या कागदावर मात्र प्रश्नच लिहिला; वर आकाशांत ईश्वराचें तेज दाखविलें, पण उत्तराचा शब्द लिहिला नाहीं. जो धर्म रोग्याची तक्रार आपल्या वेदीवर लिहूं देतो, तो निदान त्याचें तोंड तरी बंद करीत नाहीं.